व्हिएतनामी इतिहासकाव्यात लपलेले युद्ध आणि राजकारण कसे वाचावे

व्हिएतनामचा इतिहास सांगणारी कविता हाती आली की अर्थ लावायची घाई करू नका. आधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन सने लिहा. पहिले सन कवितेतल्या घटनेचे, दुसरे कविता रचली गेली त्याचे. छुपे संदर्भ बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या अंतरात असतात. दोन्ही सने एकच निघाली तर कवी डोळ्यांसमोरचे सांगतो आहे. मग शोध पदव्यांचा, शत्रूला दिलेल्या नावांचा आणि वगळलेल्या माणसांचा घ्यायचा. सनांत शतकांचे अंतर असेल तर जुन्या राजाच्या आडून आजच्या कोणावर बोट आहे, हे पाहायचे.

चार गोष्टी जवळ ठेवा. पहिली, कवितेचे तिन्ही थर: मूळ हान (चिनी) किंवा नोम (व्हिएतनामी लिहिण्यासाठी त्याच धर्तीवर बनवलेली) अक्षरे, त्यांचा व्हिएतनामी उच्चार आणि आधुनिक अर्थ. नुसते भाषांतर या कामाला उपयोगी पडत नाही, कारण भाषांतरकार बहुधा नेमका तोच शब्द गुळगुळीत करून ठेवतो ज्यात सगळी गंमत असते. देवनागरी लिप्यंतरावरही विसंबू नका. व्हिएतनामीतले स्वरांचे चढउतार त्यात उतरत नाहीत आणि चार वेगळे शब्द एकसारखे दिसू लागतात. दुसरी, ‘दाय व्हिएत सू की तोआन थू’ ही बखर. न्गो सी लिएनने ती १४७९ मध्ये सिद्ध केली आणि १६९७ मध्ये ती छापली गेली. तिसरी, लाल नदीच्या खोऱ्याचा नकाशा. चौथी, सालांच्या नावांच्या साठ वर्षांच्या चक्राचा तक्ता.

वीस अक्षरांवर सराव

सुरुवातीला त्रान क्वांग खायची चार ओळींची कविता घ्या. हा त्रान घराण्याचा राजपुत्र आणि सेनापती (१२४१–१२९४). १२८५ मध्ये मंगोल-युआन (चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या) फौजा हटवून राजधानी थांग लाँग (आजचे हनोई) परत घेतल्यावर त्याने ही रचना केली. प्रत्येक ओळीत पाच अक्षरे, एकूण वीस. आशय असा: चुओंग झुओंगच्या उतारावर भाले हिसकावले, हाम तूच्या नाक्यावर ‘हो’ पकडले, आता शांतता आली, तरी झटले पाहिजे, हे नद्या-डोंगर युगानुयुगांचे आहेत.

पहिले पाऊल शीर्षकाचे. ते सांगते की राजाची स्वारी राजधानीत परतते आहे आणि कवी सोबत आहे. म्हणजे राजा राजधानी सोडून गेला होता. कविता ही गोष्ट कुठेही उघड म्हणत नाही, विजयच सांगते. बखर उघडली की कळते, निवृत्त राजा थान तोंग आणि गादीवरचा न्यान तोंग हे दोघेही माघार घेत दूर गेले होते.

दुसरे पाऊल नकाशाचे. चुओंग झुओंग आणि हाम तू ही दोन्ही ठिकाणे लाल नदीवर, आजच्या हनोईच्या दक्षिणेला आहेत. शत्रूचा जलमार्ग तोडण्याचीच ही लढाई होती. चुओंग झुओंगला खुद्द क्वांग खाय होता, हाम तूला त्रान न्यात झुआत. झुआतच्या सैन्यात सोंग राजवटीतले निर्वासित चिनी शिपाई होते. सोंग सत्ता १२७९ मध्ये मंगोलांनी संपवली होती. हे शिपाई सोंग पोशाखात लढले आणि त्यांना पाहून, सोंग पुन्हा उठले की काय, म्हणून युआन फौज बिचकली असे बखर सांगते. ‘हो पकडले’ या दोन अक्षरांमागे एवढे सगळे उभे आहे.

तिसरे पाऊल क्रमाचे. प्रत्यक्षात हाम तूची लढाई आधी झाली आणि चुओंग झुओंगची नंतर. कवितेत क्रम उलटा आहे. इथे नवखा वाचक लगेच निष्कर्ष काढतो: कवीने स्वतःची लढाई पुढे घेतली, भावकीतल्या दुसऱ्या सेनापतीला मागे टाकले. शक्य आहे. पण आधी यमक तपासा. या छंदात दुसरी आणि चौथी ओळ जुळावी लागते. चौथी ओळ ‘सान’वर संपते, तिला ‘क्वान’ म्हणजे नाका जुळतो. ‘दो’ म्हणजे नदीचा उतार जुळत नाही. त्यामुळे ‘हाम तू क्वान’ दुसऱ्या ओळीतच बसणार होते. छंदाने जे भागते त्यासाठी राजकारण आणू नये. हा नियम कंटाळवाणा आहे, पण अर्धे चुकीचे शोध तो जागीच थांबवतो.

चौथे पाऊल शत्रूच्या नावाचे. ‘हो’ हा चिनी लेखकांचा उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांसाठीचा तुच्छतादर्शक शब्द. हा शब्द एक व्हिएतनामी राजपुत्र थेट चीनच्या सम्राटाच्या फौजेला लावतो. कुबलाई खान स्वतःला चीनचा रीतसर सम्राट म्हणवत होता. कवी एका अक्षरात तो दावा नाकारतो आणि सुसंस्कृत कोण, रानटी कोण, याची वाटणी उलटी करतो.

शत्रूची आणि राजाची नावे

‘हो’ नेहमी मंगोलच असेल असे मात्र नाही. १४२८ च्या सुरुवातीला विद्वान न्गुयेन त्रायने चीनच्या मिंग सत्तेवरच्या विजयाची जी राजघोषणा लिहिली, तिच्यातही ‘हो’ येतो. अक्षर तेच, पण तिथे तो व्हिएतनामच्याच हो क्वी लीच्या घराण्याचा (१४००–१४०७) उल्लेख आहे. त्यांच्या जाचक कारभारामुळे मिंगांना आत शिरायला निमित्त मिळाले, अशी तक्रार आहे. एकच अक्षर दीडशे वर्षांत परक्या शत्रूवरून घरच्या राज्यकर्त्यावर आले. म्हणून दोन सने वर लिहायची.

त्याच घोषणेच्या शीर्षकात हरवलेल्या शत्रूला ‘न्गो’ म्हटले आहे. न्गो म्हणजे चिनी ‘वू’. मिंग सत्तेचा संस्थापक सम्राट होण्याआधी वूचा राजा म्हणवत असे, असे एक स्पष्टीकरण देतात. दुसरे असे की चीनमधल्या तीन राज्यांच्या (त्यांतले एक वू) काळापासून व्हिएतनामी लोक चिन्यांना सरसकट न्गो म्हणत आले. शीर्षक आडवळणाचे असले तरी आत मिंगांना उघड शिव्या आहेत. तेव्हा ‘भीतीपोटी नाव लपवले’ हा अर्थ टिकत नाही. त्यातच आणखी एक गोंधळ: ९३८ मध्ये बाख दांग नदीवर चीनच्या ‘दक्षिण हान’ सत्तेला हरवणारा वीर न्गो क्वेन. तिथे न्गो हे आपल्याच राजाचे आडनाव आहे. बाख दांगवरच्या कवितेत ‘न्गो’ दिसला तर तो शत्रू की राजा, हे शेजारच्या क्रियापदावरून ठरवा. मारणारा की मार खाणारा?

पदव्यांकडे तर भिंग लावूनच पाहावे. ‘दक्षिण देशाचे नद्या-डोंगर’ या चार ओळींच्या, २८ अक्षरांच्या कवितेत दक्षिणेच्या राज्यकर्त्यासाठी ‘दे’ म्हणजे सम्राट हा शब्द आहे. चिनी दरबार त्याला फक्त ‘वुओंग’, म्हणजे राजा मानत असे. कवितेतला सगळा स्फोट या एका पदवीत आहे आणि कित्येक भाषांतरांत तिथे नुसते ‘राजा’ छापलेले असते. ही कविता १०७७ मध्ये न्यू न्गुएत नदीवर सोंग फौजेसमोर ऐकू आली, अशी परंपरा आहे. सेनापती ली थुओंग किएतला तिचा कवी म्हणतात खरे, पण बखरीत कवी म्हणून त्याचे नाव नाही. रात्री देवळातून आवाज आला आणि सैनिकांनी तो ऐकला, एवढेच आहे. एका जुन्या कथासंग्रहात तर अशीच कविता ९८१ च्या युद्धाशी जोडलेली सापडते. म्हणून टीप लिहिताना ‘ली थुओंग किएत म्हणतो’ असे ठोकून देऊ नका.

दगडी घोडे: संदर्भात दडलेला संदर्भ

१२८८ मध्ये बाख दांगवर मंगोलांची तिसरी स्वारी मोडल्यावर न्यान तोंगने पकडलेले युआन सेनापती आजोबा थाय तोंग यांच्या समाधीसमोर उभे केले आणि दोन ओळी म्हटल्या. आशय: राज्यासाठी दगडी घोड्यांना दोनदा कष्ट पडले, नद्या-डोंगर आता सोन्याच्या वाडग्यासारखे कायमचे स्थिर झाले.

इथे तीन थर एकावर एक आहेत आणि ते याच क्रमाने उकलावेत. वरचा थर प्रत्यक्ष घटनेचा. युआन सैनिकांनी ती समाधी उकरली होती आणि नंतर तिथल्या दगडी घोड्यांच्या पायांना चिखल लागलेला दिसला. जणू ते लढून आले.

मधला थर चिनी इतिहासाचा. समाधीचे नाव च्येउ लांग. तांग सम्राट ताय त्सोंगच्या समाधीचे नावही त्याच दोन अक्षरांचे, आणि ‘थाय तोंग’ म्हणजे ‘ताय त्सोंग’च. तिथेही दगडी घोडे आहेत आणि आठव्या शतकातल्या बंडाच्या वेळी ते घामाने भिजल्याची कथा आहे. सोन्याचा वाडगा लियांग सम्राट वूच्या बढाईतून आला आहे: माझे राज्य म्हणजे तडा न गेलेले सुवर्णपात्र. पुढे त्याच्याच काळात बंड होऊन ते पात्र फुटले. कैद्यांतल्या चिन्यांना ही सारी परंपरा तोंडपाठ असणार. चीनच्या सर्वांत मोठ्या सम्राटाचे वैभव आपल्या आजोबांकडे घेऊन, ते चीनच्याच सेनापतींसमोर म्हणून दाखवणे हा राजकीय डाव होता.

तळचा थर एका अंकाचा. स्वाऱ्या तीन झाल्या: १२५८, १२८५ आणि १२८७–८८. मग घोड्यांना ‘दोनदा’च का? १२५८ मध्ये थाय तोंग स्वतः जिवंत आणि गादीवर होता, तो वारला १२७७ मध्ये. समाधीच नव्हती, तर घोडे कुठून धावणार? कवितेतली संख्या बखरीशी जुळत नसेल तर कवीची चूक धरण्याआधी असे एखादे साधे कारण शोधा.

फोडलेली अक्षरे

हान लिपीत एक अक्षर अनेक तुकड्यांनी बनते. ते तुकडे सुटे करून ओळीत पेरले की भविष्यवाणी तयार. १००९ च्या सुमारास को फाप गावात वीज पडलेल्या झाडावर उमटलेली म्हणून बखरीत नोंदवलेली कविता याचा नमुना आहे. तिच्यात ‘होआ, दाओ, मोक’ म्हणजे धान, सुरी, लाकूड गळून पडते. हे तीन तुकडे जोडले की ‘ले’ हे आडनाव होते. मग ‘थाप, बात, तू’ म्हणजे दहा, आठ, मूल हे सफल होतात. ते जोडले की ‘ली’. ले घराणे जाणार, ली येणार. त्याच वर्षी ली कोंग उआन गादीवर बसला, आणि पुढच्या वर्षी त्याने राजधानी थांग लाँगला हलवली. पुढे त्याच कवितेत ‘दोंग आ’ येते. ते जोडले की ‘त्रान’, म्हणजे लींनंतरचे घराणे. ही ओळ इतकी अचूक आहे की नंतर कोणीतरी घातली असावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

कृती अशी: ओळीत अर्थाने न जुळणारी छोटी, सोपी अक्षरे ओळीने आली (अंक, झाड, हत्यार, मूल) तर ती कागदावर एकत्र रचून पाहा. बनणारे अक्षर त्या काळातल्या एखाद्या राजघराण्याचे आडनाव असेल तरच संदर्भ माना. त्रान काळाच्या साहित्याबद्दल ‘दोंग आचे तेज’ असा शब्दप्रयोग आजही सर्रास होतो. यंत्रभाषांतर त्याचे ‘पूर्व आशिया’ करून मोकळे होते. इथे आशिया खंडाचा काडीचाही संबंध नाही.

नकाशा जुळत नसेल तेव्हा

कवितेतली ठिकाणे नकाशावर मांडा. ती जुळली, जसे चुओंग झुओंग आणि हाम तू, तर बहुधा लढाई खरी आहे. जुळली नाहीत तर तो पडदा समजा. दांग त्रान कोनने १७४० च्या सुमारास, ले-त्रिन राजवटीत बंडे उसळली असताना, युद्धावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे दीर्घकाव्य हान भाषेत लिहिले. आत सगळे चीन आहे. निरोपाच्या प्रसंगी तो हाम झुओंगहून वळून पाहतो आणि ती तिएउ तुओंगच्या काठावरून. पहिले ठिकाण आजच्या शिआनजवळ आहे, दुसरे हूनान प्रांतात. इतक्या लांबून कोणी कोणाला वळून पाहू शकत नाही. ही गावे भूगोलासाठी नाहीतच. घरातले तरुण बंडे मोडायला पाठवले जात असताना, हजार मैलांवरच्या आणि हजार वर्षांपूर्वीच्या युद्धाबद्दल बोलणे सुरक्षित होते.

कधी मात्र पडदा फाडायचाच असतो. सतराव्या शतकात मिंग दरबारी गेलेला वकील झांग वान मिन याची गोष्ट परंपरेने सांगतात. त्याला एक ओळ दिली गेली: ताम्रस्तंभावर आजही हिरवे शेवाळ आहे. स्तंभ मा व्हिएनचा. त्रुंग भगिनींचे बंड (इ.स. ४०–४३) मोडल्यावर या चिनी सेनापतीने उभारला म्हणतात. वान मिनने जोडओळ दिली: दांग (बाख दांग) नदी आजही रक्ताने लाल आहे. तीन युद्धे, ९३८, ९८१ आणि १२८८ ची, एका रंगात. पहिल्या आणि शेवटच्या युद्धात भरतीला शत्रूची जहाजे आत ओढली आणि ओहोटीला ती नदीतल्या खुंटांवर अडकवली. अशा जोडओळीत दोन्ही बाजूंचे शब्द समोरासमोर मांडा: स्तंभापुढे नदी, शेवाळापुढे रक्त, हिरव्यापुढे लाल. उत्तर कोणत्या शब्दाला दिले आहे ते लगेच कळते.

१९४२ ची पद्यबखर

आधुनिक नमुना म्हणून हो ची मिन्हची देशाच्या इतिहासावरची कविता घ्या. तीस वर्षे परदेशी काढून ते १९४१ मध्ये पाक बोच्या गुहेत आले आणि ही कविता फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्यसंघटनेने, व्हिएत मिन्हने छापली. छंद लुक बात: सहा आणि आठ शब्दावयवांच्या ओळी. सहाच्या ओळीचा शेवट आठच्या ओळीतल्या सहाव्याशी जुळतो आणि आठवा पुढच्या ओळीच्या सहाव्याशी. ऐकून पाठ होणारा छंद आहे, म्हणून प्रचारासाठी निवडला.

शेवटच्या भागावर छपाईचे सन झाकून सराव करा. फ्रान्सचा देशच गेला आहे, असे कविता म्हणते: म्हणजे जून १९४० नंतर. जपानी नुकतेच आले आहेत: सप्टेंबर १९४० नंतर. आणि जपानची चीन, अमेरिका, ‘हा’ आणि इंग्लंडशी लढाई चालू आहे: म्हणजे डिसेंबर १९४१ नंतरच. हा ‘हा’ म्हणजे ना नदी, ना हनोई. हा लान, म्हणजे हॉलंड. सहा अवयवांत चार देश बसवायचे म्हणून अर्धा कापला. बाख दांगच्या कवितांत युआन सेनापती ओ मा न्यी ‘ओ मा’ होतो, ते याच जातीचे.

आता वरच्या भागाकडे या. देश गमावला तो न्गुयेन राजाने पाश्चात्यांना घरात आणले म्हणून, असे कविता म्हणते. बोट न्गुयेन घराण्याचा संस्थापक झा लाँगवर आहे. गादी मिळवण्याआधी १७८७ मध्ये त्याच्या वतीने व्हर्सायला फ्रान्सशी करार झाला होता. पण १९४२ मध्ये त्याच घराण्याचा बाओ दाय फ्रेंचांच्या मर्जीने ह्युएच्या गादीवर होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या राजावरचा ठपका ऐकणाऱ्याने कोणावर लावायचा, हे सांगायची गरज नव्हती. शेवटी सनावळी आहे आणि तिच्यात १९४५ समोर ‘व्हिएतनाम स्वतंत्र’ असे लिहिलेले आहे. तो अंदाज खरा ठरला, म्हणून अनेकजण त्याला गूढ भविष्यवाणी मानतात. ते पक्षाच्या प्रचारपत्रकातले उद्दिष्ट म्हणून वाचणे जास्त बरोबर.

नेहमी फसगत होते ती ठिकाणे

सालाची नावे. नुसते ‘अत झाउ’ लिहिले असेल तर सनातून ४ वजा करा, ६० ने भागा, बाकी २१ उरते का पाहा. १२८५ ला २१ उरतात, १८८५ ला आणि १९४५ लाही. पहिले मंगोल युद्धाचे, दुसरे ह्युए पडून राजा हाम न्गी डोंगरात गेला त्याचे, तिसरे उत्तरेतल्या भीषण दुष्काळाचे आणि स्वातंत्र्याच्या घोषणेचे. आपल्याकडे ‘आनंदनाम संवत्सर’ एवढेच सांगितले तर ते शके १५९६ की १६५६ हे कळत नाही, तशीच अडचण. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षाआधी संपत नाही, हेही लक्षात ठेवा. मंगोल युद्धाआधी राजाने बोलावलेली झिएन होंगची वृद्धांची सभा बाराव्या महिन्यात भरली, म्हणून काही पुस्तकांत १२८४ दिसते, काहींत १२८५. न्गुयेन त्रायच्या घोषणेचेही तसेच: १४२७ किंवा १४२८. यावरून कोणी लपवाछपवी केली असे समजू नका.

टाळलेली नावे. राजाचे नाव उच्चारायचे नाही, या रिवाजाने शब्द बदलत. एकोणिसाव्या शतकातल्या तू दुक राजाच्या नावांत ‘थी’ आणि ‘न्याम’ होते, म्हणून विद्वान न्गो थी न्याम पुढे ‘न्गो थोय न्यिएम’ असाही छापला जातो. माणूस एकच. पण टाळलेले अक्षर कवितेचा काळ पकडून देते, म्हणून नोंद मात्र जरूर ठेवा.

पाठभेद. क्वांग खायच्या शेवटच्या ओळीत कुठे ‘हे’ नद्या-डोंगर, कुठे ‘जुने’ नद्या-डोंगर. ‘हे’ या एका शब्दावर राष्ट्रवादाचा निबंध लिहिण्याआधी हातातला पाठ कोणता आहे ते पाहा.

आणि अतिवाचन. टीप लिहिताना प्रत्येक संदर्भापुढे तीन खुणांपैकी एक करा: बखरीत आधार आहे, काळ आणि हेतू जुळतात पण आधार नाही, नुसता भास. तिसऱ्या खुणेच्या टिपा छापू नका, पण फाडूनही टाकू नका. कारण लोकांना जो भास होतो, तोही कधी इतिहास घडवतो. सायगॉनमध्ये १९६२ साली उभारलेल्या त्रुंग भगिनींच्या पुतळ्याचे चेहरे मादाम न्यू (तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची भावजय) यांच्यासारखे आहेत, असे लोक म्हणू लागले. पुढच्या वर्षी सरकार उलथले, तसा पुतळाही पाडला गेला. १९६७ मध्ये तिथे नौदलाने त्रान हुंग दाओचा पुतळा उभारला आणि तो अजून तिथेच आहे. बाख दांगच्या या सेनापतीवर दुभंगलेल्या देशातल्या उत्तरेच्या हनोईला आणि दक्षिणेच्या सायगॉनला, दोघांनाही हक्क सांगता येत होता. त्यामुळे त्याच्या नावाची ओळ १९५४ ते १९७५ मधली असेल, तर ती कोणत्या शहरात छापली गेली हे पाहिल्याशिवाय ‘शत्रू’ या शब्दाची टीप लिहायला घेऊ नका.